सणाच्या जर्सीला हळदीचं बोट

शैलजामावशींना मी दोन वर्षं रोज सकाळी गाडीतून कामावर सोडलं आणि त्यातले निम्मे दिवस मनातल्या मनात कुरकुर केली. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही कांचन मोठी परोपकारी बाई होती.

मावशी माझ्या कुणी नव्हत्या. नेपरव्हिलला आमच्याच अपार्टमेंट्समध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. तिथे महाल भागात तीस वर्षं ब्लाऊज शिवले, त्यावर मुलाला, निमिषला इंजिनिअर केलं. यजमान गेल्यावर निमिषने त्यांना इकडे आणलं, ग्रीन कार्ड करून दिलं आणि दोन वर्षांत स्वतः नोकरी बदलून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला निघून गेला. ‘आई, तू पण चल’ म्हणाला होता तो, खोटं कशाला बोलू. पण तोवर मावशींना इथे काम लागलं होतं. त्या म्हणाल्या, “तिकडे तुम्ही नवरा-बायको दिवसभर ऑफिसात. मी काय भिंतींशी बोलू? इथे मला सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं.”

ते कुठेतरी म्हणजे शेजारच्या गावातलं एक छोटं शिवणकामाचं वर्कशॉप. तिथे फुटबॉलच्या जर्सींवर आकडे आणि नावं शिवायचे. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर आदळायचा, तो. खेळाडूंच्या जर्सी नाहीत हं, त्या दुसरीकडे होतात. हे आपले हौशी लोकांचे कपडे. आवडत्या खेळाडूचा आकडा आणि त्याच्याखाली हवं तर स्वतःचं नाव. आधी आकडा हलकेच चिकटवायचा, मग कडेने बारीक नागमोडी टीप मारायची, आकड्याला दोन थर असतील तर दोनदा. आठाच्या आतल्या गोलावर भल्याभल्यांची टीप घसरते, मावशींची कधी घसरली नाही. म्हणून सगळे आठ त्यांच्याकडे यायचे. मालकीण बार्ब लांबून ओरडायची, “शायला, एट्स!” आणि मावशी हात वर करायच्या. दिवसभरात त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारी ती एवढी एकच जागा होती. माझ्यासकट बाकी सगळ्यांच्या त्या मावशी नाहीतर काकू.

त्या जागी जायला बस नाही, फुटपाथ नाही आणि मावशींना गाडी येत नाही. माझं ऑफिस त्याच रस्त्याला. मग काय, आलीच ती माझ्या गळ्यात. मी पुण्याची, तोंडाने फटकळ असं सासर-माहेर दोन्हीकडे एकमत आहे. पण राइड द्यायला नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. मावशी पाच मिनिटं आधीच खाली उभ्या असायच्या, उणे दहामध्येसुद्धा, आणि मी पाच मिनिटं उशिरा यायची. त्या गाडीत अखंड बोलायच्या. कालची भाजी, निमिषचा फोन, न आलेला फोन. मी ‘हं’ म्हणायची आणि डोक्यात ऑफिसचे बग्ज मोजायची.

२००५ मध्ये आमच्याकडच्या टीमने एक नवीन टूम काढली. रोजची जर्सी गडद निळी, पण वर्षातून एखाद-दुसऱ्या मॅचला केशरी घालायची. त्याला इथे अल्टरनेट म्हणतात, कुणी थर्ड जर्सी म्हणतात. झालं, अख्ख्या गावाला केशरी पाहिजे. वर्कशॉपमध्ये खोकीच्या खोकी येऊन पडली. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मावशींनी विचारलं तेव्हा नवऱ्याकडून ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे सणाचा जोड,” त्या म्हणाल्या. “रोजचे वेगळे, सणाचे वेगळे. सरळ सांग की तसं.”

आता मला सांगा, यात चुकीचं काय होतं? मी हसले आणि विसरून गेले. पण मावशी विसरल्या नाहीत. नवं कापड अंगावर घालायच्या आधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मावशींनी तीस वर्षं दिवाळीचा प्रत्येक ब्लाऊज तसाच गिऱ्हाइकाच्या हातात दिला होता. यजमान गेल्यापासून कुंकवाला त्या हात लावत नसत, तेव्हा नुसती हळद. पर्समध्ये एक चिमुकली डबी. जर्सी शिवून झाली की बोट जरासं ओलं करून खालच्या दुमडीला, आतल्या बाजूने, एक ठिपका. फक्त सणाच्या जर्सींना, रोजच्या निळ्यांना नाही. केशरी कापडावर हळद कुणाला दिसणार?

रविवारी केशरी मॅच असली की त्या टीव्हीसमोर बसायच्या. खेळ नाही बघायच्या, गर्दी बघायच्या. एकदा मी डबा परत द्यायला गेले तर म्हणाल्या, “ते बघ, तिसऱ्या रांगेतला जाड्या. तो आठ माझा आहे.” मी म्हटलं, “मावशी, इतक्या लांबून काय कळतंय?” त्या म्हणाल्या, “आपल्या हातची टीप आपल्याला कळते.” मग त्यांनी मला बस म्हटलं, चहा टाकते म्हटलं. मला कपड्यांचं मशीन लावायचं होतं. मी बसले नाही.

पुढच्या वर्षी, २००६ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला, दुसऱ्या एका टीमची जुन्या काळातली जर्सी निघाली. आजोबांच्या जमान्यात घालायचे तशी, वर्षातून एकदा मिरवायची. तीही अल्टरनेटच. पण ही पांढरीशुभ्र.

मावशींच्या लेखी सण तो सण. त्यांनी ठिपके लावले.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल, कारण हळदीला साबण लागला की काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गिऱ्हाइकांनी जर्सी घरी नेल्या, धुतल्या, आणि पिवळा ठिपका लालभडक होऊन बाहेरच्या बाजूला उमटला. बार्बकडे दोन जर्सी परत आल्या, मग आणखी तीन. नव्या जर्सीवर रक्त आहे, अशी तक्रार. पाचही मावशींच्या मशीनवरच्या.

त्या सोमवारी गाडीत मावशी पहिली दहा मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मला बरंच वाटलं, खरं सांगते. मग म्हणाल्या, “कांचन, आज पाच मिनिटं आत येशील? बार्ब रक्त रक्त म्हणते. सुई लागली का विचारते, डॉक्टरचा कागद आण म्हणते. मला नीट सांगता येत नाही गं.” आणि त्यांनी डबीची सगळी हकीकत सांगितली.

मी कपाळाला हात लावला. “मावशी, लोकांच्या कपड्यांना कशाला लावायचं हे?”

“कुणाचं तरी लेकरूच घालणार ना ते,” त्या म्हणाल्या. “तू एवढंच सांग, हळद आहे. आमच्यात शुभ असते. चुकलं म्हणावं, पुन्हा नाही लावणार. बाकी काही नको. माझं काम तेवढं राहू दे बाई. ते गेलं तर मी दिवसभर काय करू?”

तीन वाक्यं होती. त्यांनी पाठ करून मला दिलेली. नऊ वाजता माझी मीटिंग होती, पण तो बहाणा मी आता करणार नाही. तीन वाक्यांना वेळ किती लागतो?

बार्बच्या टेबलावर जर्सी पसरल्या होत्या. तिने हातात ग्लव्हज घातले होते. तशी ती वाईट बाई नव्हती, आवाज मऊ होता. मागे चार-पाच बायका मशीन थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझे मलाच ते शब्द ऐकू यायला लागले. शुभ. ठिपका. आम्ही नव्या कपड्याला हळद लावतो. मला वाटलं, या म्हणतील ही बाई लोकांच्या कपड्यांवर जादूटोणा करते, आणि ही दुसरी, ऑफिसचा बॅज गळ्यात घातलेली, तिचीच जातभाई. अकरा वर्षं मी या देशात ‘तुमच्याकडे गायी रस्त्यात असतात का’ ची उत्तरं देत आलेली. मला नको झालं ते सगळं. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी म्हटलं, “हे रक्त नाही, बार्ब. हळद आहे, मसाला. त्या हाताने जेवतात, लंचमधलं बोटाला राहिलं असणार.”

बार्बने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग तिचा चेहरा बदलला. मशीनजवळ खाणं-पिणं बंद, हा तिथला नियम. भिंतीवर लिहिलेलं होतं, मी वाचलंसुद्धा नव्हतं. उन्हाळ्यात एका बाईला कॉफीवरून काढलं होतं. तिने मावशींना हळू, सुटं सुटं विचारलं, “शायला, तू जेवून हात न धुता कामाला बसतेस?”

मावशींना इंग्रजी बोलता येत नव्हतं, कळत नव्हतं असं नाही. लंच कळलं होतं, हात कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नो’ एवढं तर त्या म्हणू शकल्या असत्या. पण म्हटलं असतं तर मी खोटं बोलले हे चारचौघींत उघडं पडलं असतं. माझी लाज राखायला त्या गप्प बसल्या. मला ते तेव्हाच कळलं, उगाच नंतर कळलं असं म्हणणार नाही. आणि तरी मी गप्प बसले.

बार्बने त्यांना आठवड्याअखेरपर्यंतचं काम करून जा, मग येऊ नको म्हणून सांगितलं. मावशींनी ते पूर्ण केलं. शुक्रवारी परत येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, “जेवल्यावर मी दोनदा हात धुते, कांचन. तीस वर्षं लोकांचं रेशीम हाताळलंय.”

मी म्हटलं, “मावशी, सोपं पडेल म्हणून बोलले.”

“हो,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर महिनाभर त्यांच्या खिडकीचा पडदा बंदच दिसायचा. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवता परत आले. जानेवारीत निमिष आला, दोन दिवसांत सामान बांधलं आणि त्यांना रेडमंडला घेऊन गेला. जाताना त्या माझ्या हातात फोन नंबर देऊन गेल्या. रीत म्हणून.

पुढच्या ऑक्टोबरात एका रविवारी नवऱ्याने मॅच लावली होती. टीम केशरीत आली. कॅमेरा गर्दीवरून फिरला आणि मी वेड्यासारखी आठ शोधत बसले. मला एकही टीप ओळखू येईना. काय ओळखू येणार डोंबल, मी कधी नीट बघितलीच नव्हती.

सोमवारी सकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले आणि बार्बला खरं ते सांगितलं, मावशींनी दिलेल्या त्याच तीन वाक्यांत. बार्ब म्हणाली, “एवढंच होतं? मग तेव्हाच का नाही सांगितलं? पांढऱ्यांना लावू नको म्हटलं असतं मी.” आणि मग म्हणाली, “तिला सांग, परत ये. आठ कुणाला जमत नाहीत.”

मी गाडीत बसूनच रेडमंडला फोन लावला. मावशींनी पहिल्या घंटेलाच उचलला. मी सगळं सांगितलं. मी खोटं बोलले होते, मला लाज वाटली होती, बार्ब बोलावते आहे, खोली आमच्याच बिल्डिंगमध्ये बघते, सगळं एका दमात.

“बार्बला सांगितलंस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “ती परकी होती, तिचं मला काही वाटलं नव्हतं.”

“मग याल?”

“इथे करमत नाही गं. दोघं सात वाजता जातात ते सात वाजता येतात. परवा पोस्टमनशी बोलले तेवढंच. तो हॅलो म्हणाला. पण नको. तिकडे यायचं म्हणजे रोज सकाळी तुझ्या गाडीत बसावं लागेल, कांचन. ते काही माझ्याने आता व्हायचं नाही.”

त्यांचा आवाज अजिबात रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मी भांडले तरी असते.

मग त्यांनीच विचारलं, “थंडी सुरू झाली का तिकडे?”

“झाली,” मी म्हटलं.

“सांभाळून चालव,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.