हानाबाईंचा आंबट भात

मैत्रिणींनो, वाशीमच्या बाजारात सिरका मिळाला, म्हणून आज शेजारच्या सुशीलाबाईंना सिरक्याचा भात वाढला.

"आंबला तर नाही ना, बाई?" म्हणत त्यांनी दोनदा घेतला. "कुठं शिकल्या?"

"मुंबईत, हानाबाईंच्या जपानी हॉटेलात. आम्हा मास्तरणींना दुपारचं जेवण तिथंच परवडायचं."

जपानी म्हणताच त्यांनी घास थुंकला. "दुश्मनाचं अन्न मले कायले खाऊ घालता?"

दुसऱ्यांदा मागताना दुश्मन आठवला नव्हता! पण मी नुसती ताटं विसळली.

जपानशी लढाई पेटताच सरकारनं हानाबाईंना कैद्यांच्या छावणीत नेलं. आम्हाला त्यांनी कधी अर्धपोटी उठू दिलं नाही. त्यांना तिथं कोण वाढत असेल? तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?