खळ्यावर चपला काढणारा लांडगा

मंडळी, आज दुपारी खजुरीच्या मंगल कार्यालयात माझ्या चुलतभावाचा पहिला सिनेमा बघितला. डोकं अजून फिरलेलंच आहे.

निजामाच्या राज्यातला एक पाटील पौर्णिमेला लांडगा होतो, अशी गोष्ट. पौर्णिमेची रात्र भर उन्हात शूट केलीय. लांडग्याचे केस म्हणून अंगावर फाटकी घोंगडी, तीही दर चार पावलांना घसरते.

शेवटी हा लांडगा खळ्यावर झोपलेल्या गड्यावर धावून जातो. आता नरडीचा घोट घेणार, तेवढ्यात खळ्याच्या कडेला थांबतो, चपला काढतो, जोडीनं नीट लावतो आणि मग झेप घेतो!

मी तिथंच भावाला झापलं, "हे कापलं कामून न्हाईस?"

"अण्णा, खळ्यावर धान्य असतंय. चपला घालून कसं जावं?"

म्हणजे माणूस खाल्लेला चालतो, चपला चालत नाहीत!

शेजारी आमचे वडील, अप्पा, बसले होते. ते आता माझ्याकडं वळले. "लांडग्याला कळतंय. तू परवा बूट घालून खळ्यात शिरलतास."

इतका वेळ सिनेमाला हसणारं अख्खं मंगल कार्यालय मला हसलं. आता ह्या सिनेमाला मी कुठल्या तोंडानं शिव्या घालू, तुम्हीच सांगा.