निरंक साहेब

"आलं का हिरवं? आलं. संपला विषय."

असं म्हणून तो टेबलावर पंजा आपटायचा. मग कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे असा फिरवायचा, जसं काही नव्या बाळाचं तोंडच दाखवतोय. पडद्यावर एक हिरवी खूण असायची. बाकी सगळं इंग्रजी. आपण बघायचं, मान हलवायची आणि उठायचं.

जिंतूरला तहसीलच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. मी दुकान म्हणते, तो ऑफिस म्हणायचा. कंपन्यांचे वार्षिक अहवाल सॉफ्टवेअरमधून सरकारला पाठवून द्यायचे, हा त्याचा धंदा. जिंतूरला कसल्या आल्या कंपन्या, असं तुम्ही म्हणाल. तर हल्ली गावोगाव शेतकऱ्यांच्या कंपन्या झाल्यात. कुणाची हळदीची, कुणाची बियाण्याची. आमची बायकांची दाळमिलची. योजनेचे लोक आले, कंपनी करून दिली, फोटो काढले आणि गेले. नंतर आम्हाला कळलं की कंपनी नुसती काढून भागत नाही. ती काय करते, काय कमावते, हे दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. ती काहीच करत नाही असं दिसलं, तर सरकार तिचं नाव काढून टाकतं. आणि मिल कंपनीच्या नावावर, विजेचं मीटर कंपनीच्या नावावर. नाव गेलं की बायका परत दुसऱ्याच्या रानात खुरपायला.

बायकांनी मला अध्यक्ष केलं. एक तर मी चौथी शिकलेली, आणि दुसरं म्हणजे तोंडाची फटकळ. दुसरं कारण मोठं होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं मला शिकवलं. "मावशी, सरकारला गोष्ट सांगायची नसती. कप्पे भरायचे असतेत. साऱ्या देशातल्या कंपन्यांनी एकाच साच्यात बोलायला पायजे. परतेक आकड्याला सरकारनं बिल्ला लावलाय."

"जनावराच्या कानात मारतेत तसा?"

तो खूश झाला. "बिलकुल तसाच!"

पुढच्या वेळी गेले, तर बियाण्याच्या कंपनीवाल्यांना तो हेच सांगत होता, स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुण्याला त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी एकदा त्याला शिकायला बोलावलं होतं. तिथं गळ्यात घालायला पट्टी आणि त्याला लटकवलेलं ओळखपत्र दिलं. ते त्यानं परत कधी गळ्यातून काढलं नाही. राणीसावरगावला एका लग्नात मी त्याला बघितलं. फेटा बांधलेला, कपाळावर अक्षता चिकटलेल्या, आणि गळ्यात ओळखपत्र. नवरदेवापेक्षा हाच जास्त मिरवत होता. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "दवाखान्यातून सुटून आलाय की काय?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एक दिवस पुण्याला जाऊन येतात आणि जन्मभर पुण्याहून आल्यासारखी वागतात.

हळदवाल्यांचा एक संचालक वारला, तेव्हा तेरवीच्या पंगतीत हा बसला होता. मयताचा थोरला वाढायला आला. यानं पत्रावळीवर हात आडवा धरला आणि म्हणाला, "भाऊ, वडलांना संचालक म्हणून कमी करायचा अर्ज टाकावा लागंल. मुदत असती." तो बिचारा हातात बुंदीची बादली घेऊन उभाच राहिला. हा मात्र बुंदी घेऊन खायला लागला. वर म्हणाला, "उशीर झाला तर लाल येतं."

त्याच्या टेबलावर स्टीलचा मसाल्याचा डबा असायचा. आत गोल वाट्या, जशा आपल्या स्वयंपाकघरात असतात. पण हळद-तिखटाच्या जागी डिजिटल सहीच्या कांड्या. बोटाएवढी कांडी कॉम्प्युटरला खोचली की आपली सही झाली. प्रत्येक वाटीत एक कंपनी. कांडीवर दवाखान्यातली चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. माझीही कांडी त्यातच.

"माझी सही तुझ्या डब्यात कामून?" मी विचारलं होतं.

"मावशी, तुमाला दरवेळी जीप पकडून यायचा तरास. म्या हाय ना."

त्याचं खोटं नव्हतं, त्रास वाचत होता. सगळ्यांनी अशाच आनंदानं आपापल्या सह्या त्याला देऊन टाकल्या होत्या. परभणीचा सीए सही करायचा, वाचायचा नाही. आम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. राहता राहिला हा. याला वाचायचंच नव्हतं.

मग सरकारी वसतिगृहांना वर्षभर दाळ पुरवायचं काम निघालं. आम्ही अर्ज केला. मिल बघायला एक तरुण अधिकारी आला. मिल चालू होती. गयाबाई वरून तूर ओतत होती, बाकीच्या चाळणीवर बसल्या होत्या. तो दारात उभा राहून मोबाइलमध्ये आमची कंपनी शोधत होता, कारण हल्ली कुठल्याही कंपनीचा अहवाल कुणालाही बघता येतो. त्याच्या भुवया दाळीच्या धुळीनं पिवळ्या झाल्या. मिलच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला, "मावशी, तुमची कंपनी काहीच करत नाही!"

"काय?"

"उत्पादन निरंक! विक्री निरंक! कामगार निरंक!"

गयाबाईनं वरून विचारलं, "काय म्हणायलाय ते?"

"म्हणायलाय की तू न्हाईस इथं."

"मंग हे पोतं काय ह्याच्या सासऱ्यानं उचललं का?"

अधिकारी भला होता. त्यानं मिल बंद करायला लावली आणि मला शांतपणे सगळं समजावलं. दरवर्षीच्या अहवालात आमच्या नावापुढे शून्य होतं. कागदावर झोपलेल्या कंपनीला तो काम देऊ शकत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे अशा कंपन्यांची नावं काढायची यादी निघाली होती आणि तिच्यात आम्ही होतो. नोटीस केव्हाच गेली होती. उत्तराची मुदत संपत आली होती.

"आम्हाला कुठं आली नोटीस?"

त्यानं परत मोबाइल बघितला. "ईमेलवर गेलीय." आणि पत्ता वाचून दाखवला. पत्ता जिंतूरच्या आमच्या साहेबाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी, गयाबाई आणि आमच्या सचिव कौसाबाई जीपनं जिंतूरला गेलो. त्यानं लांबूनच हात केला. "या मावशी, बसा. चहा सांगतो."

"चहा निरंक," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. नोटीस त्यानं पाहिली होती. त्याला वाटलं, अशा लय येतेत.

"आमी मेलोत असं कामून सांगितलंस सरकारला?"

"मेलेत कुठं म्हणलं मावशी? निरंक म्हणलं. निरंक लय साफ असतं." त्याला खरंच आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. "खरं भरलं की लाल येतं. तुमच्यातल्या बाया मजुरी दाळीत घेतेत. लोक भरडाईचा पैसा देत न्हाईत, चुणी ठेवून जातेत. त्याला बिल्लाच न्हाई! म्या लय शोधला. चुणी कुठं टाकू मी?"

हे मात्र खरं होतं. आमच्यात तसंच चालतं. सभासद बाई तूर आणते, दाळ घेऊन जाते, आणि भरडताना पडलेली चुरी आणि भुसा, म्हणजे चुणी, मिलला ठेवते. ती आम्ही म्हशीवाल्यांना विकतो, आणि तूर विकत घेऊन केलेली दाळ बाजारात. मिलवर राबणाऱ्या बायकांना मजुरीत थोडी दाळ. घरात रोकड आली की ती नवऱ्याच्या खिशात जाते. दाळ चुलीवर जाते. म्हणून बायकांनीच तशी मागितली होती.

"मग शून्य टाकलंस."

"शून्याची कुणी तकरार करत न्हाई, मावशी."

मी डब्याकडे बोट केलं. "हळदवाल्यांचं काय टाकलं?"

त्यानं डबा आपल्याकडे ओढला.

"बोल की."

"निरंक."

"बियाण्यावाल्यांचं?"

"ते बी."

कौसाबाईनं कपाळावर हात मारला. "आग बाई! म्हंजी सरकारच्या हिशोबानं सारा तालुका झोपलाय!"

त्या दिवसापासून बायकांनी त्याचं नाव निरंक साहेब ठेवलं, आणि ते गल्लीभर झालं.

मी दारात खुर्ची टाकून बसले. खरा अहवाल आणि नोटिशीचं उत्तर गेल्याशिवाय आम्ही उठणार नाही, असं सांगितलं. तो पाणी प्यायला, नंतर लाचार होऊन त्यानं पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. मी म्हणाले, आवाज मोठा कर, आम्हालाही ऐकू दे.

पलीकडे एक पोरगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. चुणी असो की दाळ, बाजारभावानं तिची किंमत धरा, मग ती कप्प्यात बसते. आणि खाली शेवटी मोकळी चौकट आहे, तिच्यात आपल्या शब्दांत खुलासा लिहा. "ती कशासाठी दिलीय सर?"

यंत्राला मी कधी नावं ठेवली नाहीत. यंत्रानं विचारलं होतं. यानंच सांगितलं नव्हतं.

"तुला ठाऊक होती ती चौकट?"

त्यानं गळ्यातली पट्टी बोटाला गुंडाळली. "होती."

"मग?"

"त्यात यादी नसती, मावशी. निवडायचं काहीच नसतं. आपल्या मनानं लिहावं लागतं." मग कुणी ऐकेल अशा भीतीनं हळूच म्हणाला, "म्या बारावीला निबंधातच नापास झालो. रिकामी चौकट बघितली की मला काय बी सुचत न्हाई."

गयाबाई चुकचुकली. तिला त्याची कीव आली असावी. मला आली नाही. न लिहिता येणारी माणसं मी जन्मभर बघितलीत, त्यातली काही माझ्या घरातलीच. पण त्यांनी लिहिण्याचं दुकान टाकलं नव्हतं.

"लिही," मी म्हणाले. "मी सांगते."

"इंग्रजीत लागंल."

फोनवरची पोरगी अजून होती. ती म्हणाली, "मराठीत पाठवा आजी, मी करून देते."

मग मी सांगितलं आणि त्यानं लिहिलं. तूर कुणाच्या घरून येते. तिला तेलपाणी कसं लावतात, गच्चीवर कशी वाळवतात. कोण ओततं, कोण चाळतं. दाळ कुठं विकतो. बायका मजुरी दाळीत का मागतात, हेही लिहायला लावलं. तो मध्येच थांबायचा. "चाळणीला बाया हात लावतेत का यंत्र चाळतंय?" एकदा म्हणाला, "चुणी दिसती कशी?"

"म्हैस हाय का घरी?" कौसाबाईनं विचारलं.

"हाय."

"मग तिला विचार."

तो हसला नाही. लिहीत राहिला. अक्षर टाइप करताना त्याचे ओठ हलत होते, चौथीतल्या पोरासारखे. मध्ये लाल आलं, तो घाबरला, त्या पोरीनं सांगितलं तसं दुरुस्त केलं, परत लाल आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "निरंक टाकलं असतं तर आतापर्यंत—"

"पुढं लिही."

संध्याकाळी सगळं गेलं. मी माझी कांडी उचलून चोळीत खोचली.

आमचं नाव राहिलं. उत्तर मान्य झाल्याचं पत्र आलं, ते कौसाबाईनं मिलच्या भिंतीला लावलं. वसतिगृहांचं काम मात्र पाथरीच्या व्यापाऱ्यानं नेलं. पुढच्या वर्षी परत अर्ज करू. मिलची बाई उपाशी राहत नाही, तिच्याकडे दाळ असते.

आमची गोष्ट पसरली तसे बाकीचेही आपापल्या कांड्या मागायला गेले. कुणी चार शब्द ऐकवले, कुणी नुसती वाटी रिकामी केली. सहा महिन्यांत तो म्हणायला लागला की पुण्याला भावाकडे जातो, तिकडं काम बघतो. मला काही वाईट वाटलं नाही. खोटं बोलणाऱ्याचं दुकान बंद झालं, तर रडायचं कुणासाठी?

जायच्या आधी तो एकदा मिलवर आला. अर्धं पोतं तूर घेऊन आला होता, पुण्याला न्यायला दाळ करून हवी होती. गळ्यात पट्टी नव्हती. इतकी वर्षं आमचा अहवाल भरून तो पहिल्यांदाच मिल बघत होता. गयाबाईनं त्याला तोंडाला बांधायला फडकं दिलं. ते त्यानं नुसतं हातात धरलं. एवढा आवाज असतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. यंत्राभोवती तो हळूहळू फिरला. जिथून दाळ बाहेर पडते तिथं थांबला आणि तिच्याखाली ओंजळ धरली.

"गरम असती व्हय?" त्यानं मला ओरडून विचारलं.

"व्हय. घासून येती."

तो तसाच उभा राहिला. ओंजळ भरली तरी त्यानं हात काढला नाही. दाळ बोटांवरून सांडून फरशीवर पडायला लागली.

"सांडू नको," मी म्हणाले.

त्याच्याशी माझं तेवढंच शेवटचं बोलणं झालं.