ओसरीवरची आकाशगंगा

पिरंगुट, १९८४ सालच्या उन्हाळ्यातला एक रविवार. हजर: आमचे धाकटे दीर, कापडवाले हसनचाचा, शेजारचे दोघे भाऊ रामभाऊ आणि बबन, आणि चहापाण्याला मी.

आमच्या भाऊजींइतकी मोठी सत्ता मुळशी तालुक्यात कोणी भोगली नसेल. आठवडाभर ते कारखान्यात साधे फिटर. रविवारी दुपारी मात्र अख्खी आकाशगंगा त्यांच्या हुकमात. जहाजावर नोकरीला असलेल्या मित्रानं त्यांना परदेशातून एका खेळाचं पुस्तक आणून दिलं होतं. प्रत्येकानं कुठल्या तरी ग्रहाचा माणूस व्हायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, आणि बोलणं अडलं की फासा टाकायचा. पुस्तकातली लढाईची पानं भाऊजींनी कात्रीनं कापून काढली. म्हणाले, "वहिनी, बोलायचा कंटाळा असलेली माणसं लढतात." ती पानं मी फडताळात अंथरली, चांगला जाड कागद वाया कशाला घालवायचा?

ओसरीवर जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ म्हणजे अवकाश, चिंचोके म्हणजे यानं आणि माझ्या साखरेच्या डब्याचं झाकण म्हणजे सूर्य. झाकण परत मागितलं तर म्हणाले, "सूर्य नेलात तर तिसऱ्या ग्रहावरची ज्वारी करपेल की थिजेल, सांगा!" तोवर इकडे साखरेला मुंग्या लागल्या. खेळ सुरू झाला की सगळे एकमेकांना 'महामहीम' म्हणत, आणि चहाचा पहिला कप शत्रूच्या राजदूताला, हा कायदाच होता. तह मात्र आकाशगंगेच्या सम्राटाच्या नावानंच व्हायचा. हसनचाचांचा ग्रह कायम तटस्थ. का, विचारलं तर म्हणत, "कापड दोघांनाबी लागतंच की!"

पण खरा खेळ होता तो दोघा भावांचा. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं बोलणं कित्येक वर्षं तुटलेलं. भाऊजींनी दोघांना वेगवेगळं गाठून बोलावलं, समोरासमोरच्या ग्रहांचे राजदूत केलं आणि मध्ये दोघांनी पाण्यासाठी वाटून घ्यायचा बर्फाचा एक धूमकेतू ठेवून दिला. भावाशी बोलणार नव्हते. राजदूताशी बोलायला कुणाची ना नव्हती.

"त्या ग्रहाला सांगा, रातची पाळी कायम आमच्याच वाट्याला का?" बबन विचारायचा.

"धूमकेतूवर रात कुटनं आली?" रामभाऊ.

"तुमी पाळ्या लावल्या की येतीया!"

हसनचाचा हसू लपवायला पानाचा डबा उघडत.

त्या रविवारी मात्र जमत आलं. रामभाऊ खाली बघत म्हणाला, "दोन दिस त्यांचं, दोन दिस आमचं. रात आलटून पालटून." बबननं बोटांवर पाळ्या मोजल्या. मग म्हणाला, "मान्य हाय." मी कपबशा हातात धरून उभीच. तेवढ्यात भाऊजींनी फासा फेकला आणि जाहीर केलं, "सम्राट वारले! नवा निवडेपर्यंत सगळे तह स्थगित."

"आरं, आत्ताच मरायचं व्हतं व्हय त्याला?" बबन ओरडला.

मी भाऊजींना आत बोलावलं. "शोभतं का हे? जमलं होतं की!"

"जमल्यावर ते इथं कशाला येतील, वहिनी?" ते हळूच म्हणाले.

बाहेर रामभाऊ चपला पायात सरकवत होता. "ह्यो बाबा काय जमू देत न्हाई. चल बबन्या, हिरीवरच बघू." दोघं भाऊजींच्या नावानं शिव्या घालत एकाच वाटेनं गेले आणि दिवेलागणीच्या आत पाळ्या ठरवून मोकळे झाले.

बातमी ऐकून भाऊजींनी स्वतः गूळ फोडून सगळ्यांच्या हातावर ठेवला. पुढच्या रविवारी चहाला नेहमीइतकंच आधण ठेवायला सांगितलं. हसनचाचा आले. भाऊ मळ्यात होते, दोघंही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. भाऊजी ऊन उतरेपर्यंत पट मांडून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "निवडणुकीची धामधूम आहे, महामहिमांना उशीर होणारच."

आता भाऊजी नाहीत. रामभाऊ बाजारात भेटला की अजून विचारतो, "वैनी, त्यो सम्राट निवडला का वं?"

निवडायचा राहिलाय.