वहिनीचे डोहाळे

वहिनीला आडून बोलणं जमायचं नाही. इथे परदेशात, वेरिबी गावात आम्ही मिळून राहायचो त्या भाड्याच्या घरात भाजी कच्ची राहिली, तर ती पहिल्या घासालाच सांगायची, "पुन्हा गॅसवर ठेव." तिचा नवरा सुमेध माझा युनिव्हर्सिटीतला वर्गमित्र, म्हणून ती वहिनी. आता ते दूरच्या टूवूंबा शहरात असतात.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी, वेरिबीतच असताना, ती गरोदर राहिली आणि अचानक तिचं तोंड सोडून सगळ्यांची तोंडं चालू झाली. सुरुवातीला डॉक्टरच म्हणाले होते, थोडं थांबा. पुढे तेच म्हणाले, आता लस घ्या. पण आमच्या लोकांनी पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं. इथल्या आमच्या लोकांच्या मंडळातल्या एक काकू तर रोज सकाळी कुठला तरी भीतिदायक व्हिडिओ पाठवायच्या. आजूबाजूला माणसं आजारी पडत होती, वहिनीला सातवा लागला होता, आणि सुमेध म्हणायचा, "आईला विचारतो." पोट हिचं आणि परवानगी नागपूरहून! मला त्याला हलवून विचारावंसं वाटायचं, तुला स्वतःची अक्कल आहे की नाही.

लॉकडाऊनमुळे डोहाळजेवण झूमवर झालं. आधी बुद्धवंदना झाली. मग हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसलेल्या वहिनीला सासूबाईंनी प्रेमाने विचारलं, "सांग, काय हवंसं वाटतं?"

"लस."

कोणीतरी हसलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंत झाल्यावर घे की."

"आई, डोहाळे आहेत माझे. पुरवायचे नव्हते तर विचारलंत कशाला?"

दुसऱ्या दिवशी सुमेधने मुकाट्याने गाडी काढली. दुसरा डोसही वेळेवर झाला.

मुलगी झाली. निर्बंध उठल्यावर त्याच काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बोलता बोलता कळलं, इंडियाला जायला मिळावं म्हणून बाईंनी स्वतःचे दोन्ही डोस केव्हाच उरकले होते. माझं डोकंच फिरलं. त्या मात्र बाळाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बघ, झालं ना सगळं नीट? उगाच घाबरत होतीस."

वहिनीने त्यांच्या मांडीवरून लेक उचलून घेतली.

"मी घाबरत नव्हते, काकू. तुम्ही घाबरवत होतात. आणि स्वतः घेऊन बसला होतात."