फॅमिली क्वार्टरमधला रविवार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं येतं, काना-मात्रा चुकतात. ज्या कुणाच्या हाती ही पानं लागतील त्यानं सांभाळून घ्यावं. नोकरी आमच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची. ते फौजेत शिपाई होते, आता पेन्शनवर उचगावात असतात. पण त्या नोकरीतली दोन वर्षं मीही काढली, जम्मूकडच्या फॅमिली क्वार्टरमध्ये.

मालक वर पोस्टवर, मी खाली क्वार्टरमध्ये. पहाटे पाचला बिगुल, साडेपाचला नळ, सहाला नळ बंद. पहिला महिना मी दाराबाहेर पडले नाही. हिंदी येत नव्हतं, आणि माणसांची मला मुळातच भीड. शेजारी हवालदार मल्लाप्पांचं क्वार्टर होतं. त्यांची बायको महादेवी जयसिंगपूरकडची, घरात कानडी बोलणारी. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मी तिला अक्का म्हणायची. एक दिवस तिनं माझ्या हातात पिशवी दिली.

"कँटीनला जा. एकटी."

"मला बोलाय येत न्हाय, अक्का."

"तोंड हाय का कुलूप? 'भैया, एक किलो चीनी.' एवढंच. म्हण की!"

चीनी आणली. पुढच्या आठवड्यात तेल. असं करत रुळले, तरी बोलणं कमीच. अक्का बोलायची, मी ऐकायची.

दुसऱ्या हिवाळ्यातला तो रविवार. आम्हा दोघींचे मालक एकाच पोस्टवर होते. सकाळी दहाला सुभेदार साहेबांच्या बाई माझ्याकडे आल्या. आत येऊन त्यांनी दार लावलं.

"तुम्हारेवाले ठीक हैं," आधी हेच म्हणाल्या. "मल्लाप्पा नहीं रहे. गश्त पर थे, ऊपर से बर्फ गिरी."

'ठीक हैं' ऐकून मला आधी बरं वाटलं. मग बाकीचं डोक्यात शिरलं.

"सीओ साब ग्यारह बजे आएंगे. तब तक उसके पास बैठो. बताना नहीं. फोन उसके हाथ मत देना. हुकुम है."

अक्का खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. सुट्टीवरून आलेला एक जवान दुपारी वर जाणार होता. त्याच्याबरोबर नवऱ्याला डबा द्यायचा होता. वरचं जेवण त्यांना सपक लागायचं.

फळीवर तिचा मोबाइल वाजला. सासरचा फोन होता. मी झटकन उचलला, बंद केला आणि पदराखाली धरला.

"कुणाचा गं?"

"रिचार्जवाल्यांचा."

मग मी बोलायलाच लागले. भावाच्या लग्नात वरातीची गाडी चिखलात कशी रुतली, आमची म्हैस विहिरीत कशी पडली, बावड्याला कारखाना सुरू झाला की मळीचा वास कसा येतो. म्हशीचं ऐकून अक्का हसली. म्हणाली, "आज काय भांग पिऊन आलीस व्हय?" मी थांबले नाही. थांबले तर रडू येईल, ही भीती.

बत्त्याचा आवाज बंद झाला.

"दोन वरसांत एवढं बोलली न्हाईस तू," अक्का म्हणाली. ती माझ्या पदराकडं बघत होती. "तुझा का माझा?"

मी हुकूम मोडला.

"तुझा," म्हणाले.

ती भिंतीला टेकली. मी तिचा हात धरून बसले. अकराला पलटणीचे मोठे अधिकारी, सीओ साहेब, दारात आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मालूम है, साब." सुभेदार साहेबांच्या बाई नंतर मला रागावल्या. त्यांचं बरोबर होतं.

दुपारी तो जवान निघताना दाराशी येऊन घुटमळला. अक्का उठली. खलबत्त्यातली चटणी तिनं डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"वर बाकीची पोरं हायत," म्हणाली.

मालक त्या दिवसांबद्दल फार सांगत नाहीत. एवढं एकदाच सांगितलं. डबा तिसऱ्या दिवशी पोस्टवर पोचला. लंगरमध्ये सगळे जेवायला बसले, तेव्हा हवालदार मल्लाप्पांचं ताट त्यांच्या जागेवर मांडलं. पहिली चटणी त्यात वाढली, मग बाकीच्यांनी घेतली. चटणीत मीठ घालायचं राहून गेलं होतं. कुणीही मीठ मागितलं नाही.