रेमिहियाच्या इंजिनाचे चार मानकरी

आमच्या क्वाउतेपेक वस्तीच्या चढावर नाबोरमामांचं गॅरेज होतं. तिथे फक्त बोचो दुरुस्त व्हायची. बोचो म्हणजे कासवाच्या पाठीची जुनी गाडी. इंजिन मागे आणि तेही पाण्याशिवाय, वाऱ्यावरच थंड होणारं. आमच्या डोंगरावर दुसरी टॅक्सी टिकतच नाही. मामा बोलायचे फार कमी. मी रंगमंचावर पानंच्या पानं संवाद म्हटले, पण त्यांच्या एका शब्दाने गॅरेजात जी शांतता पसरायची, ती मला कधी साधली नाही.

रेमिहियाच्या टॅक्सीचं इंजिन फुटलं तेव्हाची गोष्ट. टॅक्सी स्टँडचा नियम असा, की बंद पडलेली गाडी वस्तीच्या सणाच्या आदल्या शनिवारी माणसं भरून सगळ्यांसमोर चढ चढली पाहिजे. नाही चढली, तर रांगेतली जागा दुसऱ्याला. रेमिहियाची चूल त्या जागेवर पेटत होती.

आमच्याकडे लग्नाच्या केकपासून बाप्तिस्म्याच्या बुटांपर्यंत प्रत्येक गोष्टीला पाद्रिनो असतो, म्हणजे मानकरी. वस्तू त्याची, नाव त्याचं. रेमिहियाने इंजिनाला पाद्रिनो शोधले. सिलिंडर चार, म्हणून मानकरी चार: पाववाली ओतिलिया, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकणारा फिदेन्सिओ, मी, आणि स्टँडचे प्रमुख, खाटीक वुल्फ्रानोशेठ. मामांनी सगळ्यांना माप सांगितलं होतं. भंगारबाजारातून प्रत्येकाने एकेक पिस्टन-सिलिंडर आणला. शेठ शुक्रवारी आले, सिलिंडरला रिबीन बांधून.

मामांनी सिलिंडर इंजिनाच्या भोकावर टेकवला. "बसत नाही."

"पुन्हा बघ."

"बघितलं. मोठा आहे."

"मोठाच आणला! मी काय लहान माणूस आहे?"

"माणसाचं माप मी घेतलं नाही. भोकाचं घेतलंय."

"मग भोक मोठं कर."

"मग चारही मोठे लागतील. हे तीन काय चुलीत घालू?"

"माझा घालून बघ चुलीत," ओतिलिया म्हणाली, "तुझा पाव बंद!"

पाद्रिनोची भेट परत करणं म्हणजे आमच्याकडे नातं तोडणं. आणि उद्या निकाल देणार होते शेठच. रेमिहिया मामांच्या कानाशी लागली. "मामा, थोडं खोटं बोला ना."

"मी बोलीन. इंजिन कसं बोलेल?"

शेठ रिबीन सावरत निघून गेले. बाजार आता रविवारीच भरणार होता. मामा अंगणात गेले, स्वतःच्या करड्या बोचोचं इंजिन उतरवलं, त्यातला एक सिलिंडर काढला, मापला आणि रेमिहियाच्या इंजिनात बसवला. मामा पाना मागत होते, मी तो देत राहिलो.

शनिवारी शेठ पुढे बसले, मांडीवर आपला सिलिंडर घेऊन. मागे आम्ही तिघं मानकरी, एकमेकांच्या मांड्यांवर अर्धे. ओतिलिया देवाचं नाव घेत होती आणि फिदेन्सिओ बरगडीत तिचं कोपर. गाडी धापा टाकत वर आली.

शेठ उतरले, सिलिंडर उंचावून म्हणाले, "चढवली की नाही माझ्या सिलिंडरने?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मामा पायी वर पोचले. "तो मांडीवर होता," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. रेमिहियाने स्टिअरिंग सोडलं नाही.

"मग आत कुणाचा आहे?" शेठनी विचारलं.

"माझा."

"आणि तुझी गाडी?"

"उभी आहे. तिनावर चालत नाही."

शेठनी रिबिनीकडे पाहिलं, मग मामांच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे.

"असलेच आणखी तीन आणले तर?"

"भोकं वाढवावी लागतील."

"वाढव. पण चारही माझे. तुझ्या इंजिनाला दुसरा पाद्रिनो नको."

"कोण मागतंय तो मान?" ओतिलिया म्हणाली.

"शेठ," रेमिहियाने खिडकीतून विचारलं, "माझी जागा?"

"जागेला काय झालंय? गाडी चढली ना? रांगेत लाव. माणसं उभी आहेत."